अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी केअर सेंटर: दर्जा नेमका कशावरून ओळखायचा?

सांजवारा
नमस्कार. पुण्याच्या आसपास जागा शोधायची आहे. वय ७९, वजन ५२ किलो, पक्षाघातानंतर उजवी बाजू गेलेली, नाकातून नळी, लघवीला कॅथेटर, दोन वेळा इन्शुलिन. माहितीपत्रकं सगळी एकसारखी: बाग, देऊळ, भजन, सीसीटीव्ही, घरच्यासारखं जेवण, प्रशिक्षित कर्मचारी. महिन्याचा आकडा सगळे सांगतात, दर्जाबद्दल मात्र हाती काही लागत नाही.
तासाभराच्या भेटीत काय बघितलं, काय विचारलं म्हणजे आतली खरी काळजी कळेल? "स्वच्छ वाटलं", "माणसं प्रेमळ आहेत" याच्या पुढचं हवं आहे. केंद्रांची नावं नकोत, परीक्षा कशी घ्यायची ते सांगा.

कलम_दोन
आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे गल्लीतलं छोटं खाजगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह. त्याची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते, पुण्या-मुंबईत ती महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. वृद्धाश्रम वेगळा. हिंडत्या-फिरत्या ज्येष्ठांना राहायला जागा आणि जेवण, एवढंच त्याचं मूळ काम. तुम्हाला लागणारी जागा या दोहोंच्या मधली आहे. ती केअर सेंटर, शुश्रूषा केंद्र, जेरियाट्रिक सेंटर अशा कुठल्याही पाटीखाली सापडेल.
म्हणून पहिला प्रश्न: नोंदणी कशाखाली आहे? शॉप अॅक्टचा किंवा ट्रस्टचा दाखला दाखवला तर त्यावरून शुश्रूषेबद्दल काहीच सिद्ध होत नाही. शुश्रूषागृहाचा दाखला असेल तर त्यावरची खाटांची संख्या आणि मुदत वाचा आणि प्रत्यक्ष खाटा मोजा.
दुसरा कागद आगीचा. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म बी' परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत घ्यावा लागतो. शेवटचा कधीचा ते विचारा. न चालणारी माणसं दुसऱ्या मजल्यावर, खिडक्यांना पक्के ग्रिल आणि एकच अरुंद जिना असेल तर बाकी काही बघायची गरज नाही.

शुभ्रटोपी
दर्जा कातडीवर लिहिलेला असतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी कशी आहे ते माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपर, कानाच्या पाळ्या आणि डोक्याचा मागचा भाग या ठिकाणी दिसतं.
परक्या माणसाचं अंग उघडं करून बघता येत नाही, बघूही नये. पण टाचा चादरीबाहेर असतातच. पोटरीखाली उशी आणि टाच हवेत अधांतरी, असं दिसलं तर शिकवणारं कुणीतरी आहे. टाचेखाली गोल रिंग किंवा कापडाची चुंबळ दिसली तर ज्ञान जुनं आहे. रिंगेच्या कडेने रक्तपुरवठा तुटतो आणि मधला भाग जास्त बिघडतो.
मुख्य सिस्टरना विचारा, "लाल झालेल्या जागेवर तुम्ही काय करता?" उत्तर "तेल लावून चोळतो" किंवा "पावडर टाकतो" आलं तर सावध व्हा. हाडावरची लाल जागा चोळली की आतल्या पेशी आणखी फाटतात. बोटाने दाबून बघायचं असतं. दाबल्यावर पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर वेळ आहे, लालीच हटली नाही तर ती बेडसोरची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिठासारखं मऊ लागतंय का ते हाताने तपासतात. हे उत्तर न अडखळता मिळालं तर अर्धं काम झालं.

तळेगावकर
वाचनखूण साठवली. शुभ्रटोपी, कूस बदलण्याच्या तक्त्याबद्दलही लिहा ना. हल्ली प्रत्येक खाटेला एक पाटी लटकवलेली असते.

शुभ्रटोपी
तक्ता आणि माणूस ताडून बघा. दुपारी चारच्या चौकोनात "डावी कूस" लिहिलंय आणि सव्वाचारला माणूस उताणा आहे, तर तक्ता खोलीत नाही, ऑफिसात भरला जातोय. दुसरी खूण: चार वाजता रात्री आठपर्यंतचे चौकोन भरलेले असणं. तिसरी: चोवीस तासांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात. दोन पाळ्यांची अक्षरं दोन दिसायलाच हवीत.
कूस बदलणं म्हणजे पूर्ण आडवं लोटणंही नव्हे. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलवायचं, म्हणजे भार माकडहाडावरही नाही आणि खुब्यावरही नाही. सरकवताना ओढायचं नाही, खालच्या आडव्या चादरीसकट दोघांनी उचलायचं. एकच मावशी काखेत हात घालून वर ओढताना दिसली तर कातडी सोलणार आणि लुळ्या बाजूचा खांदा निखळणार.

हिशोबनीस
"आमच्याकडे ३० पेशंटना ८ मावशी आहेत" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ते सोडवून बघू.
बारा तासांची पाळी आणि आठवड्याला एक सुट्टी धरली तर एक जागा चोवीस तास भरायला आठवड्याच्या १४ पाळ्या भागिले माणशी ६, म्हणजे २.३३ माणसं लागतात. म्हणजे आठ मावशींतून एका वेळी कामावर साडेतीनही नाहीत.
आता काम. तीसही जण खिळलेले आहेत असं धरा. दोन तासांनी कूस, म्हणजे दिवसाला १२ वेळा. एका वेळेला दोघी जणी आणि ५ मिनिटं, म्हणजे १० मनुष्य-मिनिटं. ३० गुणिले १२ गुणिले १० म्हणजे ३६०० मिनिटं, ६० तास. आठ मावशींचे दिवसाला मिळणारे तास: ८ गुणिले १२ गुणिले ६/७, साधारण ८२. उरले २२ तास, तीस जणांत माणशी ४४ मिनिटं. त्यात अंघोळ, डायपर, तोंड धुणं, भरवणं आणि मावशींचं स्वतःचं जेवण.
एका माणसाला चमच्याने नीट भरवायलाच वेळेला २० मिनिटं लागतात. तेव्हा आठ मावशी असतील तर तक्त्यातलं काहीतरी खोटं असणारच, मावशी कितीही मायाळू असोत. म्हणून "एकूण किती?" विचारूच नका. "आज रात्री दोन वाजता या मजल्यावर कोण कोण असेल, त्यांची नावं सांगा" असं विचारा. भिंतीवर ड्यूटी लिस्ट असेल तर तिचा फोटो मागा.

केंद्रचालक
मी या व्यवसायात आहे, म्हणून दुसरी बाजू. हिशोबनीस, तुमचं गणित बरोबर आहे, पण तीसपैकी तीस खिळलेले क्वचित असतात. बरेच जण स्वतः कूस बदलतात. दोन तासांचा नियमही सरसकट नसावा. चांगली गादी असेल, कातडी शाबूत असेल तर रात्री तीन-चार तासांवर नेता येतं, माणसाला सलग झोपही मिळते. दर दोन तासांनी उठवलेला वृद्ध दुसऱ्या दिवशी गोंधळलेला असतो.
आणि मनुष्यबळ वाढवलं की महिन्याचा आकडा वाढतो. सर्वांत स्वस्त जागा निवडून सर्वांत जास्त मावशी मागणारे नातेवाईक आम्हाला रोज भेटतात. स्वस्त का आहे, हा प्रश्न आधी विचारा. उत्तर नेहमी रात्रपाळीतच सापडतं.

शुभ्रटोपी
केंद्रचालक, तीन-चार तास मान्य, पण ते गादीवर आणि त्या माणसाच्या कातडीवर ठरतं, मावशींच्या संख्येवर नाही. सकाळी लाली दिसली की अंतर पुन्हा कमी करायचं.
गादीबद्दल: फुगे असलेली हवेची गादी नुसती अंथरून भागत नाही. पंप चालू आहे का, वजनाप्रमाणे दाब लावलाय का, आणि नळी खाटेखाली मुडपली नाही ना हे बघा. तपासायची सोपी रीत म्हणजे माणूस झोपलेला असताना माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी तळहात घालायचा. मध्ये इंचभर हवा लागली पाहिजे. हाड थेट हाताला लागलं तर गादी नावापुरती आहे. वरून गोधडी, रबरी शीट आणि दुमडलेली चादर असे तीन थर घातले तरी तिचा उपयोग संपतो. एक पातळ चादर, बास. वीज गेल्यावर पंप इन्व्हर्टरवर चालतो का तेही विचारून घ्या.

औषधवाला
इन्शुलिन आहे म्हणून हे नीट वाचा. आपल्याकडे बहुतेक कुप्या ४० युनिटच्या, म्हणजे एका मिलिलीटरला ४० युनिट. काही प्रकार १०० युनिटचे. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. १०० ची कुपी आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गाठ पडली तर '२०' च्या रेषेपर्यंत ओढलेलं औषध ५० युनिट भरतं. उलट गाठ पडली तर २० ऐवजी ८ च जातात. पहिल्या चुकीत साखर इतकी उतरते की माणूस दगावू शकतो.
औषध देणाऱ्या सिस्टरना विचारा, "इथे कुठली कुपी, कुठली सिरिंज?" मग फ्रिज उघडून दाखवायला सांगा. थर्मामीटर आहे का, तापमान २ ते ८ अंशांत आहे का, इन्शुलिन बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेलं नाही ना. उघडलेल्या कुपीवर तारीख लिहिलेली हवी, बहुतेक कुप्या उघडल्यापासून २८ दिवसच वापरायच्या असतात. त्याच फ्रिजमध्ये कोथिंबीर आणि दुधाच्या पिशव्या असतील तर दिवसभर दार उघडझाप होतं, तापमान टिकत नाही.
नाकातल्या नळीतून गोळ्या देताना कुटून देतात. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर असलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात. बारा-चोवीस तासांत सुटायचं औषध एकदम अंगात जातं. "अशा गोळ्यांचं काय करता?" याचं योग्य उत्तर "डॉक्टरांकडून पर्याय लिहून घेतो" हे आहे.

मोरपंखी
अवांतर, पण नोंद घ्या: ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७. छळ, दुर्लक्ष, कायदेशीर सल्ला, सगळ्यासाठी मोफत आहे. फोनमध्ये आत्ताच जतन करून ठेवा.

नाचणी_सत्त्व
नळीतून काय जातं हे कुणीच विचारत नाही. ५२ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १५०० ते १६०० कॅलरी आणि ५२ ते ६२ ग्रॅम प्रथिनं लागतात. बेडसोर झालेला असेल तर आणखी. बहुतेक ठिकाणी दर दोन-अडीच तासांनी २०० मिली, दिवसातून सात वेळा, म्हणजे १४०० मिली. हिशोब जुळायला एका मिलिलीटरमध्ये एक कॅलरीहून थोडं जास्त हवं.
गाळलेली भाताची पेज आणि वरणाचं पाणी यांत त्याच्या निम्मंही नसतं. पातळ करतात कारण दाट पदार्थाने नळी तुंबते. उपाय साधा आहे: मोड आणून वाळवून दळलेल्या नाचणीचं किंवा गव्हाचं सत्त्व. मोडांमुळे पिष्ट फुटतं आणि जास्त पीठ घालूनही पातळच राहतं. जोडीला दूध, दूध पावडर, चमचाभर तेल, चालत असेल तर अंडं. "आठवड्याचा फीडचा तक्ता दाखवा, मापांसकट" असं म्हणा. 'पेज, सूप, ज्यूस' एवढंच लिहिलेलं असेल तर तीन महिन्यांत माणूस वाळतो आणि घरचे म्हणतात, वय झालं.
देण्याची पद्धत: डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून नुसती नळकांडी उंच धरायची, १५-२० मिनिटांत आपोआप उतरू द्यायचं. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. पुढे अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. दट्ट्याने दाबून दोन मिनिटांत संपवणारे हात दिसले तर उलटी आणि तीच छातीत जाऊन न्यूमोनिया, हा पुढचा प्रवास ठरलेला.

सांजवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. सीसीटीव्हीचं काय? काही ठिकाणी मोबाईलवर थेट बघता येतं म्हणतात. परदेशातल्या भावंडांचा त्यावर भर आहे.

अटलांटिकपार
कॅमेरा हवाच. बघणारं कुणीतरी आहे म्हटलं की फरक पडतो. इकडे अमेरिकेत २००८ पासून सरकारच प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देतं: तपासणी, मनुष्यबळ आणि दर्जाची मोजमापं मिळून. भारतात तसं काही नाही, तेव्हा निदान डोळे तरी हवेत.

शुभ्रटोपी
माझा विरोध आहे. डायपर बदलताना, अंघोळीच्या वेळी तो माणूस उघडा असतो आणि ते चित्र कितीतरी मोबाईलवर जातं. त्याला विचारलं कुणी? दारात, जिन्यात, स्वयंपाकघरात, औषधांच्या खोलीत कॅमेरे ठेवा. खाटेवर नको.

हिशोबनीस
दोघांच्या मध्ये: खोलीच्या दारावरचा कॅमेरा पुरतो. रात्री ११ ते ५ मध्ये कोण किती वेळा आत गेलं ते त्यातून मोजता येतं, अंग दिसत नाही. भेटीच्या वेळी "कालच्या रात्रीचे हे सहा तास जलद गतीने दाखवाल का?" असं विचारा. अटलांटिकपार, ताऱ्यांमध्येही दर्जाची काही मोजमापं केंद्रांनी स्वतःच कळवलेल्या माहितीवर असतात. म्हणून तिथे मनुष्यबळाची आकडेवारी पगारपत्रकांतून घेऊ लागले. आपणही तेच बघायचं, कोणाला कधी पगार मिळाला ते, म्हणजे माणसं टिकतात की दर महिन्याला बदलतात.

वैद्य_घाटावरचे
दोन गोष्टी राहिल्यात. पहिली, बांधणं. नळी ओढू नये म्हणून हात खाटेला बांधतात. खाटांच्या कडांना कापडाच्या पट्ट्या लोंबतायत का बघा. त्याऐवजी पंज्यावर गुबगुबीत मोजा घालता येतो, मुळात नळी अजून हवी आहे का हे गिळण्याची तपासणी करून ठरवता येतं. बांधायचंच झालं तर कारण, वेळ, सही आणि ठराविक अंतराने सोडल्याची नोंद पाहिजे.
दुसरी, गोळ्यांनी शांत ठेवणं. संध्याकाळी साडेपाचला गेलात आणि दिवाणखान्यात सगळेच मान टाकून पेंगतायत, तर ते वयामुळे नाही. क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल, क्लोनाझेपाम यांची नावं औषधांच्या यादीत किती जणांकडे आहेत असं डॉक्टरांना सरळ विचारा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत क्वेटियापिनसारख्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला होता. कधीकधी ती लागतात, पण मुदत लिहून. त्याआधी चार साध्या गोष्टी तपासायच्या: लघवीचा संसर्ग, तुंबलेलं पोट, दुखणं, पाणी कमी पडणं. वृद्ध एकाएकी बरळू लागला की निम्म्या वेळा मूळ तिथे सापडतं. म्हणून शौचाची नोंदवही मागा. तीन दिवस कोरे चौकोन आणि पुढे काहीच कृती नाही, हे मला फार वाईट चिन्ह वाटतं.
कॅथेटरची पिशवी मूत्राशयाच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. खुर्चीवर बसवताना ती मांडीवर ठेवलेली दिसली तर लघवी उलटी जाते. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधलेली हवी आणि बदलल्याची तारीख पिशवीवर किंवा कागदावर हवी.

तळेगावकर
मावशींशी बोलण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. मला ती सगळ्यात खरी परीक्षा वाटते. कुठल्याही खाटेजवळच्या मावशींना विचारा, "यांना काय आवडतं?" "आजींना चहा बशीतून लागतो, आणि बिस्किट बुडवून दिलं नाही तर रुसतात," असं उत्तर हसत आलं तर समजा तिथे आजींना ओळखणारं कुणीतरी आहे. "पाच नंबर ना, त्या काही बोलत नाहीत," असं आलं तर तेही उत्तरच.

केंद्रचालक
हे शंभर टक्के. आणि मावशी किती महिने इथे आहेत तेही विचारा. दिवाळीत, गावच्या जत्रेच्या दिवसांत कुणाला ठेवता, हा प्रश्न आम्हा चालकांना घाम फोडणारा आहे. ज्याच्याकडे बदली माणसांची यादी तयार असते तो लगेच दाखवतो. जमलं तर तुमची दुसरी भेट दिवाळीच्या आठवड्यात किंवा रविवारी संध्याकाळी ठेवा.

सांजवारा
मूळ प्रश्नाकडे येते. भेट एकच तास मिळणार आणि बहुतेक वेळ ऑफिसात जाणार. कुठून सुरुवात करू?

शुभ्रटोपी
सांजवाराताई, संध्याकाळी साडेसहाला जा. जेवण, पाळी बदलणं आणि कमी माणसं, तिन्ही एकदम बघायला मिळतं. ऑफिसात बसू नका, "आधी वॉर्ड, मग कागद" म्हणा. दारातच वास घ्या. लघवीचा ताजा वास एखाद्या खोलीत असणं साहजिक आहे. सगळ्या मजल्यावर जुनाट वास किंवा डोळ्यांत जाणारं फिनाईल, हे वेगळं. एक बेल दाबायला सांगा आणि घड्याळ बघा. कुणाला तरी भरवलं जात असेल तिथे पाच मिनिटं उभ्या राहा: माणूस ताठ बसवलाय का, घास गिळून झाल्यावरच पुढचा दिला जातोय का, मावशी शेजारी बसून भरवतायत की उभ्याने. पाण्याचा पेला चांगल्या हाताच्या बाजूला आहे का. लुळ्या बाजूला ठेवलेला पेला रात्रभर भरलेलाच राहतो.
मग तक्ता आणि माणूस ताडा, फ्रिज बघा, घशातला कफ ओढून काढणारं सक्शन मशीन चालू करून दाखवायला सांगा. शेवटची दहा मिनिटं कागदांना ठेवा. नर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तेव्हाच विचारा. पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी 'सिस्टर' नसते.

कलम_दोन
कागदांत हे लिहून घ्या: डायपर, हातमोजे, फीडची पावडर, फिजिओथेरपी, डॉक्टरांची भेट, ऑक्सिजन यांतलं महिन्याच्या आकड्यात काय आणि वेगळं काय. रुग्णालयात हलवावं लागलं तर कोणतं, कोण सोबत जाणार, तेवढे दिवस खाटेचे पैसे किती. अनामत किती दिवसांत परत. रात्री प्रकृती बिघडली तर कोणते आकडे दिसले की फोन करणार, उदाहरणार्थ साखर ७० च्या खाली.
आणि दाखल करताना पहिल्याच दिवशी कातडीची डोक्यापासून टाचेपर्यंतची नोंद आणि वजन, दोन्हीकडच्या सह्यांनी. पुढे वाद झाला तर हाच एक कागद कामाचा असतो.

सांजवारा
वजन कसं करणार? उभं राहता येत नाही.

नाचणी_सत्त्व
चाकाची खुर्ची चढेल असा सपाट काटा असेल तर खुर्चीसकट करून रिकाम्या खुर्चीचं वजन वजा करायचं. महिन्यात पाच टक्के, म्हणजे ५२ किलोत अडीच किलोच्या वर घट झाली तर डॉक्टरांना लगेच दाखवा. काटा नसेल तर शिंप्याची टेप पुरते. चांगल्या, म्हणजे डाव्या पायाच्या पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा, तिथे पेनाने खूण करा आणि दर पंधरा दिवसांनी त्याच खुणेवर मोजा. ३१ सेंटिमीटरच्या खाली असेल तर स्नायू आधीच झिजलेत, आहार पहिल्या दिवसापासून वाढवून मागायचा. टेप स्वतःची न्या आणि आकडे स्वतःच्या वहीत लिहा.

सांजवारा
टेप पर्समध्ये ठेवली. शनिवारी साडेसहाची वेळ ठरली आहे. बघून आल्यावर इथेच लिहिते.